राउंडक्यूब १.३ वरून थेट १.६ वर जायचंय, जुन्या फोल्डरवरच नवीन फाइल्स टाकू का?

मिरजकर_नेट:
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेचा मेल स्वतःच्याच सर्व्हरवर आहे, मेल पाठवायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळायला डवकॉट आणि वेबमेलला, म्हणजे ब्राउझरमध्ये मेल बघायला, राउंडक्यूब. चार शाळा मिळून साधारण १४० मेलबॉक्स. सगळं आधीच्या सरांनी बसवलेलं, ते रिटायर झाले आणि गेल्या वर्षी माझ्याकडे आलं, मी मुळात कॉम्प्युटर लॅब बघतो. परवा बघितलं तर राउंडक्यूब १.३, उबंटू १८.०४, आणि राउंडक्यूब ज्या भाषेत लिहिलंय ते पीएचपी ७.२. आणि २०२५ च्या जूनमध्ये राउंडक्यूबमधलं सुरक्षेचं जे मोठं भोक उघडकीला आलं त्याबद्दल वाचलं, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.
१.६ उतरवून जुन्या फोल्डरवरच कॉपी मारली तर चालेल का, की मधल्या १.४, १.५ वर थांबत थांबत जावं लागतं? आणि शिक्षकांच्या अ‍ॅड्रेस बुकात पालकांची नावं मराठीतच आहेत, शेकड्यांनी, ती उडाली किंवा प्रश्नचिन्हं झाली तर मला शाळेत तोंड दाखवता येणार नाही. मेल जातील का हीही भीती आहेच.

रात्रपाळी:
आधी मेलची भीती काढून टाका. मेल राउंडक्यूबमध्ये नसतातच हो, ते डवकॉटकडे असतात, राउंडक्यूब फक्त आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) जाऊन दाखवतो. त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये अ‍ॅड्रेस बुक, सह्या, प्रत्येकाची सेटिंग्ज आणि कॅश एवढंच. सुट्टीवर असतानाचं जे आपोआप उत्तर जातं ना, ते सुद्धा सिव्हचं, म्हणजे आलेल्या मेलवर नियम चालवणाऱ्या भागाचं, काम आहे, डवकॉटच्या बाजूला.
आता कॉपी मारायचं. नका मारू. एक तर १.६ ला कमीत कमी पीएचपी ७.३ लागतं, तुमच्याकडे ७.२, म्हणजे पान उघडणारच नाही. पण खरं कारण वेगळंय. जूनमध्ये दुरुस्त झालेलं भोक दहाएक वर्षं कोडमध्ये पडून होतं, १.३ सकट. १.५.१० आणि १.६.११ मध्ये बुजवलं. लॉगिन झालेल्या माणसालाच वापरता येतं म्हणून लोक निवांत बसतात, पण १४० जणांमध्ये एकाचा जरी पासवर्ड 'शाळेचं नाव१२३' असला तरी झालं, आत येणाऱ्याला थेट सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता येते. तुमचा सर्व्हर इतके दिवस उघडा होता. काही झालंच असेल असं नाही, पण जुन्या फोल्डरमध्ये कुणी एखादी पीएचपी फाइल पेरून ठेवली असेल तर वरून नवीन फाइल्स टाकल्याने ती जात नाही, तिथेच राहते. म्हणून जुना फोल्डर नव्या घरात आणायचाच नाही. फक्त दोन गोष्टी आणा, डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची फाइलमधली प्रत) आणि कॉन्फिग फाइल (राउंडक्यूबची सेटिंग्ज). कॉन्फिगही डोळ्याने ओळ न ओळ वाचून.
वेगळं मशीन घ्या, उबंटू २४.०४ टाका, त्यात पीएचपी ८.३ येतं. मेल सर्व्हर आत्ता हलवू नका, तो पुढचा उद्योग आहे पण विसरू नका, १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२३ मध्येच संपलाय. नव्या मशीनवर राउंडक्यूबचं कम्प्लीट पॅकेज उघडा, डंप इम्पोर्ट करा, कॉन्फिग ठेवा आणि बिन फोल्डरातली अपडेट स्क्रिप्ट चालवा. ती विचारते कुठल्या व्हर्जनवरून आलात, तिथे जुना नंबर नीट सांगा. मध्ये थांबायची गरज नाही, डेटाबेसमधल्या सिस्टिम टेबलात कुठपर्यंतचे बदल झालेत ते लिहिलेलं असतं, स्क्रिप्ट तिथून पुढचे सगळे क्रमाने लावते. जुनं तोवर चालूच राहील, शिक्षकांना कळणारही नाही.
कॉन्फिगमधली डेस की, म्हणजे लॉगिनचा पासवर्ड गुप्त ठेवणारी किल्ली, नवीन द्या, २४ अक्षरी. त्याने फक्त सगळ्यांना परत एकदा लॉगिन करावं लागतं. डेटाबेसचा पासवर्डही बदला. आणि वेब सर्व्हरचा रूट पब्लिक एचटीएमएल फोल्डरवर लावा, म्हणजे कॉन्फिग, लॉग्ज, टेम्प हे बाहेरून दिसायचा प्रश्नच नाही. काम झालं की इन्स्टॉलर फोल्डर उडवा.

डोंगरवाट:
रात्रपाळींनी सांगितलंय ते बरोबरच, पण स्क्रिप्ट एका ठिकाणी अडकू शकते, मी तिथे पूर्ण रविवार घालवलाय. १.५ पासून टेबलं यूटीएफ८एमबी४ मध्ये, म्हणजे चार बाइटपर्यंतची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, जातात. जुनी टेबलं कॉम्पॅक्ट रो फॉरमॅटची (टेबलातल्या ओळी साठवायची जुनी पद्धत) असली तर इंडेक्सला, म्हणजे शोधायच्या सूचीला, ७६७ बाइटची मर्यादा असते, आणि एमबी४ मध्ये एका अक्षराला चार बाइट धरतात, म्हणजे २५५ अक्षरांचा कॉलम १०२० बाइट झाला, बसणार कसा. मग की टू लाँग असा एरर येतो आणि अपडेट अर्ध्यात थांबतं, काही टेबलं नवी काही जुनी. तेव्हा डंप इम्पोर्ट झाल्यावर, स्क्रिप्टच्या आधी, प्रत्येक टेबलाचा रो फॉरमॅट डायनॅमिक करून घ्या. कृपया ओरिजिनल डंप वेगळा ठेवा, अर्धवट झालेल्या डेटाबेसवर परत परत प्रयोग करू नका, पाडा आणि पुन्हा इम्पोर्ट करा.
मराठी नावांचं म्हणाल तर देवनागरी अक्षर यूटीएफ८ मध्ये तीन बाइटचं, ते जुन्या तीन बाइटवाल्या टेबलातही व्यवस्थित बसतं. चार बाइट लागतात ते इमोजींना. तरी डंप घेताना कॅरेक्टर सेट स्पष्ट द्या आणि इम्पोर्ट केल्यावर कॉन्टॅक्ट्सच्या टेबलातली दहा-वीस नावं स्वतः वाचून बघा, 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा' अशी जोडाक्षरंवाली बघा.

खिडकीपाशी:
एवढं हाताने कशाला, उबंटूऐवजी डेबियन १२ टाका आणि राउंडक्यूब त्याच्याच पॅकेजमधून घ्या की. १.६ मालिकाच आहे, सिक्युरिटी पॅच नेहमीच्या अपडेटबरोबर येतात. फक्त नंबर बघून घाबरायचं नाही, डेबियनवाले दुरुस्ती जुन्या नंबरावरच लावतात, त्यामुळे १.६.११ पेक्षा खालचा नंबर दिसूनही भोक बुजलेलं असतं.

रात्रपाळी:
हा मुद्दा मला पटतो, विशेषतः जिथे बघायला एकच माणूस आहे आणि त्याला लॅबही सांभाळायचीय तिथे. हाताने बसवलेलं राउंडक्यूब कुणीतरी आठवणीने अपडेट करावं लागतं, आणि आठवण राहत नाही म्हणून तर १.३ आजपर्यंत चाललं. मिरजकर, डेबियनच करा. बाकी सगळं तेच, डंप आणि कॉन्फिग, कॉन्फिग फक्त ईटीसीमधल्या राउंडक्यूब फोल्डरात.

मिरजकर_नेट:
झालं! शनिवारी दुपारी बसलो, रात्री अकरापर्यंत चाललं. डेबियन १२ घेतलं. डोंगरवाट तुमचे आभार कसे मानू, टेबलं खरंच कॉम्पॅक्ट होती, आधी बदलली म्हणून स्क्रिप्ट सरळ शेवटपर्यंत गेली. नावं सगळी शाबूत, वाचून बघितली.
अडलो ते दुसरीकडेच. लॉगिन झालं, मेल दिसले, पाठवायला गेलो की कनेक्शन एरर. दोन तास पोस्टफिक्सचे लॉग बघत बसलो आणि त्यात काहीच नव्हतं, कारण तिथपर्यंत काही पोचतच नव्हतं. जुन्या कॉन्फिगमध्ये एसएमटीपीची, म्हणजे मेल पाठवायची, एकही ओळ नव्हती, १.३ तेव्हा त्याच मशीनच्या २५ पोर्टला पासवर्डशिवाय देत होतं. १.४ पासून डीफॉल्ट ५८७ आणि युजरचंच लॉगिन, आणि १.६ मध्ये तर सर्व्हर आणि पोर्टच्या दोन ओळी जाऊन एकच एसएमटीपी होस्ट, तसंच आयमॅप होस्ट. मी काहीच लिहिलं नव्हतं म्हणून ते नव्या मशीनवरच पोस्टफिक्स शोधत होतं. होस्टमध्ये मेल सर्व्हरचं पूर्ण नाव टाकलं, आयपी टाकला तेव्हा सर्टिफिकेटचं नाव जुळेना, नाव टाकल्यावर लगेच गेला मेल.
लॅरी स्किन, म्हणजे पानाचा जुना चेहरा, १.६ मध्ये नाही, इलास्टिक आलंय, त्यामुळे सोमवारी सकाळी फोन येणार हे धरून स्टाफरूममध्ये एक कागद लावलाय, कुठलं बटण कुठे गेलं ते. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी मात्र मोबाइलवर उघडून बघितलं आणि म्हणाल्या, आता अक्षरं मोठी न करता वाचता येतंय.
जुना राउंडक्यूब बंद केलाय पण पुसला नाही, टेम्प आणि प्लगइन्समध्ये अनोळखी पीएचपी फाइल आहे का ते उद्या बघणार. कशावरून ओळखायची ते कुणी सांगेल का?

रात्रपाळी:
१.३ चं तुमच्याच नंबरचं मूळ पॅकेज परत उतरवा आणि दोन फोल्डरांचा डिफ, म्हणजे फरकाची यादी, काढा. जे फक्त तुमच्याकडे आहे, मुळात नाही, तेवढंच इथे टाका, बघूया. आणि सगळ्यांचे पासवर्ड याच आठवड्यात बदलून घ्या, बाईंपासून सुरुवात करा म्हणजे बाकीचे ऐकतील.