मुंबई ते नागपूर: अंतर किती आणि विमानाला प्रत्यक्षात वेळ किती?

गिरगावकर:
डिसेंबरमध्ये नागपूर खंडपीठात आमच्या जमिनीच्या दाव्याची सकाळी साडेदहाला सुनावणी आहे आणि सत्तरी ओलांडलेले वडीलही सोबत असतील. नकाशावर हे अंतर 700 किलोमीटरच्या आत दिसते, रेल्वे मात्र 837 किलोमीटर धरते. आणि विमान ताशी 800 किलोमीटरने उडत असूनही वेळापत्रकात दीड तासाहून अधिक वेळ दाखवलेला असतो. यातला कोणता आकडा धरावा आणि त्याच दिवशी पहाटेच्या विमानाने निघणे शहाणपणाचे ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आकाशमार्ग:
दोन्ही आकडे बरोबर आहेत. दोन्ही विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर भरते. रेल्वे कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेते, त्यामुळे तिचे अंतर वाढते.

वेळेविषयी म्हणाल, तर वेळापत्रकातला काळ हा केवळ उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून मागे ढकलले जाते तेव्हापासून ते नागपूरला थांब्यावर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांची रांग लागते. शिवाय वारा बहुधा समुद्राकडून येत असल्याने विमान पश्चिमेला जुहूच्या बाजूला झेपावते आणि मग वळून पूर्वेला नागपूरची वाट धरते. उड्डाण इतके छोटे असते की बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो आणि पूर्ण वेग जेमतेम अर्धा तास टिकतो. म्हणून हवेत सव्वा तासाच्या आसपास आणि एकूण दीड ते पावणेदोन तास धरावेत.

धंतोलीकर:
पहाटेचे पहिले विमान सहसा वेळेवर सुटते, कारण ते रात्रीच मुंबईत येऊन उभे असते. त्यानंतरच्या विमानांना मात्र आधीच्या फेऱ्यांचा उशीर भोवतो. तरीही वडील सोबत असताना मी आदल्या संध्याकाळीच यायला सांगेन. डिसेंबरच्या सकाळी इकडे कधीकधी धुके असते आणि विमान तासभर जरी लांबले तरी जिवाला घोर लागतो. विमानतळ सोनेगावला आहे आणि तेथून सिव्हिल लाइन्समधील न्यायालयापर्यंत टॅक्सीने अर्धा तास हाताशी ठेवावा. मेट्रोचे स्थानक टर्मिनलच्या दारात नसून वर्धा मार्गावर आहे, त्यामुळे वृद्ध माणसाला सामानासह ते गैरसोयीचे होईल.

गिरगावकर:
मनःपूर्वक आभार. समृद्धी महामार्गाने स्वतःच्या गाडीने येणे कसे वाटते?

आकाशमार्ग:
महामार्गाची 701 किलोमीटर लांबी भिवंडीजवळच्या आमणेपासून मोजली जाते, म्हणजे गिरगाव ते आमणे हा प्रवास त्यात धरलेला नाही. विश्रांती धरून दहा तास सहज लागतील आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयात उभे राहायचे असताना वडिलांना एवढा वेळ बसवून आणणे मला योग्य वाटत नाही.

धंतोलीकर:
सहमत आहे. तारीख हिवाळी अधिवेशनाच्या काळात येत असेल, तर खोलीची नोंदणी आजच करावी. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डी परिसरात राहण्याची सोय ऐनवेळी मिळणे फार कठीण असते आणि शुक्रवारची परतीची विमानेही लवकर भरतात.