बार्टनचा फिरता जलसेतू: पाण्याने भरलेला कालवा फिरतो तरी कसा?

कॅनॉलकाठ: मँचेस्टरजवळ बार्टनला ब्रिजवॉटर कालवा मँचेस्टर शिप कॅनॉलच्या वरून जातो. मोठं जहाज आलं की कालव्याचा तेवढा तुकडा पाण्यासकट बाजूला फिरतो. आधीचा दगडी पूल का पाडला? फिरताना पाणी का सांडत नाही? आणि वर नाव असली तर तोल जात नाही का? मुलांना मॉडेल करायचंय, त्यामुळे कडीकोयंड्यासकट सांगा.

पेठकर: मूळ पूल जेम्स ब्रिंडलीचा, 1761चा. वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला न्यायला ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरने कालवा काढला आणि वाटेत आडवी आलेली अर्वेल नदी तीन कमानींवरून ओलांडली. गळू नये म्हणून आत तुडवलेल्या चिकणमातीचे थर. ही माती कायम ओली लागते. कालवा कोरडा पडला की तडकते, आणि पुढचं पाणी तिथूनच वाट काढतं.

पुलाला नडली ती उंची. नदीपासून जेमतेम 12 मीटर. शिप कॅनॉल तिथूनच न्यायचा म्हटल्यावर समुद्री जहाजं कमानीखालून जाणार कशी? लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून नाव वर-खाली करणारे दारबंद हौद, बांधून नावा खाली उतरवून परत चढवता येतात, पण दर खेपेला वरच्या कालव्याचं पाणी खाली जातं. शिप कॅनॉलचा अभियंता एडवर्ड लीडर विल्यम्सने मग शेजारीच फिरता पूल उभा केला. लोखंडकाम डर्बीच्या अँड्र्यू हँडिसाइड कंपनीचं. 1894 साली तो सुरू झाला, आजही चालतो.

दट्ट्या: लांबी सुमारे 100 मीटर, वजन सुमारे 1,450 टन, अडवलेलं पाणी 800 टनांच्या आसपास. शिप कॅनॉलच्या मधोमध बांधलेल्या बेटावर आस, त्यावर 90 अंश फिरतो.

दारं चार: दोन पुलाच्या टोकांना, दोन काठांवर. चारही लावायची, समोरासमोरच्या दोन दारांमधल्या फटीतलं पाणी सोडून द्यायचं, सांध्यातली रबर लावलेली पाचर सोडवायची, मगच फिरवायचं. सांडतं ते फक्त फटीतलं.

नावेचं म्हणाल तर आर्किमिडीज आहेच. नाव आत येते तेव्हा दार उघडं असतं, तिच्या वजनाइतकंच पाणी बाहेर जातं. ती कुठल्याही टोकाला तरंगत असली तरी भार सारखाच. बुडाला टेकली मात्र की हिशेब चुकला. उथळ मॉडेलमध्ये हेच होतं. पातळीकडेही लक्ष हवं: 10 सेंटिमीटर जादा पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 100 किलो.

सिंहगडरोडकर: पाचर निमुळती का, तेही मुलांना सांगा. 100 मीटर लोखंड 20 अंशांनी तापलं तर सुमारे 24 मिलिमीटर वाढतं. आस मधोमध असल्याने प्रत्येक टोकाला 12. फट ठरलेल्या मापाची ठेवली तर उन्हात पूल अडकेल आणि थंडीत सांधा गळेल. निमुळती पाचर कमी-जास्त खोल बसते, फरक तिथे जिरतो.

काठावरची दारं पुलावरच्यांपेक्षा महत्त्वाची. पुलाचं दार गेलं तर पूल रिकामा होईल, काठाचं गेलं तर मागचा अख्खा कालवा सुटेल. 27 सप्टेंबर 2018ला दांडेकर पुलाजवळ आपला मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा वस्तीत काय झालं ते पुण्याने पाहिलंय.

कॅनॉलकाठ: मस्त! मॉडेलच्या पाचरीला सायकलची ट्यूब चालेल?

दट्ट्या: चालेल. मात्र इंग्रजी यू आकारात, तळ आणि दोन्ही बाजू मिळून सलग एकच पट्टी घ्या. तीन तुकडे जोडलेत की कोपऱ्यातून गळणारच.