गेम बनवता बनवता प्रोग्रामिंग शिकलात? तुमचे अनुभव लिहा

काजवा

"गेम बनवायला शिकायचंय, काय बघू?" असं कोणी विचारलं की आपण यादी हातात देतो. यादी चांगलीच असते. तरी विचारणारा महिन्याभरात तोच प्रश्न घेऊन परत येतो, कारण त्यातल्या कशात जीव रमेल हे यादीवरून कळत नाही. म्हणून हा धागा. तुम्ही कशापासून सुरुवात केलीत आणि कधी वाटलं की आता हे सोडवत नाही, ते सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. तालुक्याच्या गावी सहावी ते नववीच्या मुलांचा शनिवारचा संगणकवर्ग घेते. आमचं साधन स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. आमच्याकडे नेटचा भरवसा नाही, त्यामुळे हे फार मोलाचं. ठोकळे जोडायचे, हिरव्या झेंड्यावर क्लिक करायचं, मांजर चालू लागतं. पडदा ४८० बाय ३६०, मधोमध शून्य. मांजर डाव्या कडेला न्यायचं तर क्ष उणे करावा लागतो. निर्देशक भूमिती शाळेत नववीला येते, पण माझ्याकडच्या सहावीतल्या मुली "अगं, क्ष उणे दोनशे कर, भिंतीपाशी जाईल" असं एकमेकींना सांगत असतात.

पहिल्या तासाला मी काही समजावत बसत नाही. तयार खेळ उघडते, त्याच्या आतले ठोकळे दाखवते आणि म्हणते, यातला कुठलाही एक आकडा बदला. चेंडूचा वेग १० चा ५० होतो, बॅट तिथवर पोचायच्या आत चेंडू गेलेला असतो आणि वर्गात गलका होतो. व्हेरिएबल (बदलता आकडा लक्षात ठेवायची जागा), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा), अट हे शब्द मग मुलं स्वतःच विचारत येतात, कारण त्यांना गुण मोजायचे असतात, तीन जीव ठेवायचे असतात.

जुनाकट्टा

ताई, आकडा बदलण्याचं शंभर टक्के पटलं. माझं सगळं शिक्षण त्यावरच झालं. १९९१ च्या एमएस-डॉस ५ या संगणकप्रणालीसोबत क्यूबेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा यायची आणि तिच्याबरोबर दोन खेळ: इमारतींवर उभं राहून एकमेकांवर केळी फेकणारे गोरिला, आणि निबल्स नावाचा साप. गोरिला सुरू होताना गुरुत्वाकर्षण किती हवं ते विचारायचा, पृथ्वीचं ९.८ हेही सांगायचा. आम्ही मित्र चंद्राचं १.६ टाकायचो आणि केळं कुठच्या कुठे जायचं. अकरावीला प्रोजेक्टाइलचं, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या मार्गाचं सूत्र फळ्यावर आलं तेव्हा ते आमच्या ओळखीचं होतं, कोन आणि वेग बदलून आम्ही ते खेळलेलो होतो.

त्या खेळांचा संपूर्ण प्रोग्रॅम समोर उघडा असायचा. एखाद्या आज्ञेवर कर्सर ठेवून एफ-१ दाबलं की तिची माहिती, उदाहरणासकट. पुस्तक नव्हतं, इंटरनेट नव्हतं, पण बघून शिकायला चालता खेळ होता.

आज मुलीला शिकवताना याच्या सगळ्यांत जवळ जाणारं मिळालं ते पिको-८, छोटे खेळ बनवायचं आणि खेळायचं सॉफ्टवेअर. १२८ बाय १२८ चा पडदा, १६ रंग, आणि कोड, चित्रं, नकाशा, आवाज हे सगळं एकाच ठिकाणी. कोडवरही मर्यादा आहे, ८१९२ टोकन (कोडमधले शब्द, आकडे, चिन्हं असे तुकडे). इतरांनी केलेला खेळ चालवायचा, एस्केप दाबायचं, आतला कोड समोर. पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते, पण शिकण्यासाठीची आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट चालते. गाजलेला 'सेलेस्ट' हा खेळ आधी पिको-८ वरच छोट्या स्वरूपात झाला होता. मुलीला हे सांगितलं तेव्हा "म्हणजे एवढ्याशा पडद्यावर पण खरा खेळ होतो" हे तिला पटलं. नवशिक्याला मर्यादा फार उपकारक असते असं माझं ठाम मत आहे. काय करायचं नाही ते आधीच ठरलेलं असतं.

रानजाई

मी मराठी साहित्यात एमए. गणिताशी दहावीनंतर संबंध नाही. मला ट्वाइन सापडलं आणि पहिल्याच संध्याकाळी हातात खेळ होता, शब्दांचा. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये केलेलं, फुकट साधन. परिच्छेद लिहायचा, दुहेरी चौकटी कंसात दुव्याचे शब्द टाकायचे की त्या नावाचा पुढचा परिच्छेद आपोआप तयार होतो.

मी एका बंद वाड्याची गोष्ट रचली. माजघरातून परसात जाता येतं, पण हातात कंदील असेल तरच विहीर दिसते. आता कंदील उचलला की नाही हे गोष्टीने लक्षात कसं ठेवायचं? तिथे मला व्हेरिएबल कळलं. कंदील असेल तर हे, नसेल तर ते, ही झाली अट. मग तेल संपत जावं असं वाटलं, म्हणजे प्रत्येक खोलीगणिक आकडा एकाने कमी. प्रोग्रामिंगचा कुठलाही धडा न वाचता मी तिथवर पोचले, कारण गोष्टीलाच त्याची गरज होती. शेवटी सगळ्याची मिळून एकच फाइल होते. व्हॉट्सॲपवरून मामेबहिणीला पाठवली, तिने ब्राउझरमध्ये उघडली आणि रात्री विचारलं, "ताई, विहिरीतला आवाज कुणाचा?" त्या प्रश्नानंतर मी दुसरी गोष्ट लिहायला घेतली.

जोडाक्षरं, वेलांट्या सगळं नीट दिसतं, कारण अक्षरं ब्राउझरच दाखवतो. मराठीत लिहिणाऱ्यांनी जरूर करून बघा.

सोंगटी

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतून आलो. ॲल स्वायगार्ट यांचं 'इन्व्हेंट युअर ओन कॉम्प्युटर गेम्स विथ पायथन' हे पुस्तक नेटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतं. बहुतेक प्रकरणांत एक पूर्ण खेळ: अंक ओळखा, हँगमन, फुली-गोळा. आधी खेळ कसा चालतो ते दिसतं, मग कोड, मग ओळन् ओळ उलगडून. इंग्रजी सोपी आहे.

पण मी खरा रमलो नवकंकरीत. आजीकडून लहानपणी शिकलेला खेळ, फुली-गोळ्यानंतर तोच करायचं ठरवलं. एकात एक तीन चौकोन, २४ ठिकाणं, प्रत्येकाकडे ९ सोंगट्या. चौकोनी पट असूनही तो ओळी-स्तंभांत मांडता येईना. मग २४ ठिकाणांना क्रमांक दिले आणि प्रत्येकापुढे त्याच्या शेजाऱ्यांची यादी लिहिली. यालाच ग्राफ म्हणतात हे कॉलेजात नंतर कळलं. तीन सोंगट्या जुळण्याच्या ओळी १६, त्यांची वेगळी यादी. एवढं झालं की अर्धा खेळ झाला.

पुढे अडलो नियमांपाशी. तीनच सोंगट्या उरल्या की कुठेही उडी मारता येते का? समोरच्याच्या जुळलेल्या तिघांतली सोंगटी उचलता येते का? आजीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, ते खेळताना ठरवतो आपण." संगणकाला आधी ठरवून सांगावं लागतं. आम्ही दोघांनी बसून नियम पक्के केले, ती बोलत होती आणि मी वहीत लिहीत होतो. त्या वहीवरून कोड लिहिणं सोपं गेलं. संगणकाची चाल आधी नुसती रँडम होती, मग एकच नियम घातला: दोन जुळल्या असतील तर तिसरी ठेव. तेवढ्यावर तो आजीला एकदा हरवून गेला.

कुठलंही पुस्तक घ्या, पण दुसरा खेळ स्वतःच्या घरातला निवडा. नियम माहीत असतात, त्यामुळे सगळं लक्ष कोडवर राहतं.

काजवा

सोंगटी, नियमांची वही वर्गात करून घेणार. पायगेममध्ये (पायथनमधून चित्रांचे खेळ करायचं साधन) मराठी अक्षरं नीट उमटली का?

सोंगटी

माझ्याकडे नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जायची, जोडाक्षरं फुटायची. शब्द चित्र म्हणून टाकले आणि काम भागवलं.

डोंगरवाट

त्यासाठी गोडो ४ हे खेळ बनवायचं इंजिन बघा. २०२३ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून देवनागरीसारख्या लिप्या व्यवस्थित जुळवून दाखवायची सोय इंजिनातच आहे, देवनागरीचा फाँट तेवढा द्यायचा. गोडो मुक्तस्रोत आहे, विकलेल्या खेळातलाही हिस्सा मागत नाही आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर सुरळीत चालतं.

मी दुकानाचे हिशेब सांभाळून रात्री शिकलो. क्रम असा: आधी जीडीक्वेस्ट यांचं 'लर्न जीडीस्क्रिप्ट फ्रॉम झिरो' (जीडीस्क्रिप्ट ही गोडोची भाषा), ब्राउझरमध्येच चालतं, वाचायचं आणि तिथेच कोड लिहायचा. मग गोडोच्या अधिकृत मार्गदर्शिकेतला पहिला द्विमितीय खेळ. व्हिडिओ हवे असतील तर ब्रॅकीज या चॅनलने २०२४ मध्ये परत येऊन गोडोवरच सुरुवात केली आहे. व्हिडिओ संपला की तो बंद करून त्याच खेळात आपली एक गोष्ट घालायची हा नियम मी पाळला: शत्रू वरून येण्याऐवजी दोन्ही बाजूंनी, किंवा वेळ संपत आल्यावर रंग बदलणं. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कितपत समजलं ते या एका बदलात कळतं.

चित्रं काढता येत नाहीत म्हणून कोणी थांबू नका. केनी यांच्या संकेतस्थळावर हजारो चित्रं आणि आवाज सीसी-शून्य परवान्यात आहेत, नाव द्यायचंही बंधन नाही.

पाणकणीस

डब्लिनमधून. इथे गावोगावी कोडरडोजो, म्हणजे मुलांचे प्रोग्रामिंगचे क्लब चालतात, ही चळवळ मूळची आयर्लंडचीच, २०११ ची. लेकाने तिथे मेककोड आर्केड हे खेळ बनवायचं साधन धरलं. त्यात ठोकळ्यांचा खेळ एका बटणावर जावास्क्रिप्ट या टाइप करायच्या भाषेत दिसतो. तो आधी ठोकळे लावायचा आणि मग पलीकडे काय उमटलं ते वाचायचा. असंच करत हळूहळू टाइप करू लागला.

नवखा

मी अकरावीत आहे. घरी लॅपटॉप नाही, फक्त अँड्रॉइड फोन. माझ्यासाठी काय?

सोंगटी

अरे, फोनवर होतं. पायड्रॉइड ३ नावाचं ॲप घे, त्यात पायथन नेटशिवाय चालतं. 'अंक ओळखा' हा खेळ मोजून वीसेक ओळींचा आहे, तो छोट्या पडद्यावर आरामात टाइप होतो. मग त्यात भर घाल: सहा संधी संपल्या की उत्तर सांग, पुन्हा खेळायचं का विचार, सगळे संदेश मराठीत कर. चित्रांचे खेळ नंतर. गोडोचा संपादकही अँड्रॉइडवर आहे, पण तो फोनवर दाटीचा होतो, टॅब्लेट मिळाला तर बघ. अडलास तर लाल अक्षरांतला पूर्ण संदेश इथे चिकटव, शेवटची ओळ धरून.

काजवा

आणि कॉलेजातली संगणक लॅब दुपारी उघडी असते का तेही सरांना विचारून ठेव. स्क्रॅच एका पेनड्राइव्हवर मावतं.