मदत हवी आहे: खराब होत चाललेल्या डिस्कची इमेज डीडीने काढू की डीडीरेस्क्यूने?

मंडळी, आईच्या जुन्या लॅपटॉपमधली 500 जीबीची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. आजोबांनी म्हटलेल्या ओव्यांची रेकॉर्डिंग्ज तिच्यात आहेत आणि दुसरी प्रत कुठेच नाही, म्हणून जीव टांगणीला लागलाय. डीडी आणि डीडीरेस्क्यू हे दोन्ही डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढणारे प्रोग्राम आहेत.

उबुंटूवर (लिनक्स) डिस्क माउंट न करता, म्हणजे फाइली वापरण्यासाठी न जोडता, डीडीने बाहेरच्या 1 टीबी डिस्कवर इमेज घ्यायला सुरुवात केली. साधारण 140 जीबीपर्यंत सुरळीत चाललं, मग 'इनपुट/आउटपुट एरर' येऊन काम थांबलं. डिस्क सध्या काढून ठेवली आहे.

डीडीच्या कॉन्व्ह या पर्यायात नोएरर आणि सिंक दिलं की ते न थांबता पुढे जातं आणि न वाचता आलेल्या जागी शून्यं भरतं. पण ब्लॉक साइझ (एका वेळी वाचायच्या तुकड्याचा आकार) 1 एमबी ठेवली, तर एका खराब सेक्टरपायी (डिस्कवरचा सर्वात छोटा भाग) त्या ब्लॉकमधला चांगला डेटाही जाणार. 4 केबी ठेवली तर नुकसान कमी, पण काम रेंगाळणार, आणि ही डिस्क तेवढा वेळ तग धरेल असं वाटत नाही. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागा मॅपफाइलमध्ये नोंदवून नंतर त्यांच्याकडे वळतं, म्हणून माझा कल तिकडे आहे.

आधीची 140 जीबीची इमेज तशीच ठेवून डीडीरेस्क्यू तिथून पुढे सुरू करता येईल का? मॅपफाइल कशी जुळवायची? पुन्हा शून्यापासून डिस्क वाचायची वेळ येऊ नये एवढंच. की घरी काहीच न करता सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी? कुणी स्वतः हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.