प्रतिसाद : इमारत नंतर, आधी उद्देश

मासेमारी बोटींवर कामाला नेपाळ-कर्नाटकातून येणाऱ्या खलाशांच्या मुलांसाठी रत्नागिरीत संस्था काढून थेट बालगृह बांधायचं, असं वरच्या चर्चेत ठरतंय. तळमळ खरी आहे, पण घाई नको. निराधार मुलांना ठेवून घेणारं बालगृह बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदवावंच लागतं. नाहीतर वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. आणि या मुलांना आईबाप आहेत, त्यांना तोडायचं कशाला?

संस्था नोंदणीला किमान सात सभासद लागतात. संस्थेच्या घटनेत उद्देश नेमका लिहा, "समाजकल्याण" एवढंच नको. पुढे तो बदलायचा तर महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन पंचमांश मतं, यात फार दमछाक होते.

खरी अडचण शाळेच्या दारात आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, कुटुंबं गावी जातात. शाळा जूनमध्ये उघडते, मूल ऑगस्टमध्ये बोटीबरोबर परत येतं. तेव्हा "प्रवेश संपले, जन्मदाखला आणा" असं ऐकवलं जातं. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १४ (वयाचा दाखला नाही म्हणून नकार नाही) आणि कलम १५ (उशीर झाला म्हणून नकार नाही) यांची मराठी प्रत कार्यकर्त्याच्या पिशवीत हवी. मे अखेरीस, जेटीवर सामान बांधलं जात असतानाच, प्रत्येक मुलाचं नाव, इयत्ता आणि पालकांचा गावाकडचा नंबर वहीत उतरवून घ्या. जूनमध्ये जेटीवर विचारायला कुणी उरत नाही.