मदत हवी आहे: बीपी ठीक दिसत असताना शॉक (अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा न होणं) कसा ओळखता?
नमस्कार, सर्जिकल वॉर्डला मला सहाच महिने झालेत. परवा नाइटला पोटाच्या ऑपरेशननंतरचा एक पेशंट होता, बीपी १०४/७८ म्हणजे कागदावर ठीकच, पण पल्स १२४, हात गार नि चिकट, नख दाबून सोडलं तर रंग परत यायला ४ सेकंद आणि तासाभरात लघवी जेमतेम १५ एमएल. सारखं "सिस्टर, पाणी द्या" चाललेलं. लगेच डॉक्टरांना कॉल केला, आत ब्लीडिंग निघालं, वेळेत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेलं म्हणून वाचला.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतं आणि ते पडेपर्यंत उशीर झालेला असतो, त्याआधी बीपीचा वरचा-खालचा आकडा जवळ येतो, हे आता कळलंय. पण सेप्टिक शॉकमध्ये (इन्फेक्शनमुळे होणाऱ्या) सुरुवातीला हातपाय गरमच असतात ना, मग तिथे तुम्ही आधी काय पकडता? आणि कार्डिओजेनिकमध्ये (हृदय नीट पंप करत नसल्याने होणाऱ्या शॉकमध्ये) फ्लुइड जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरतं, तर सलाईन चालू असताना नक्की काय काय बघता, किती वेळाने? आयसीयूवाल्यांनी प्लीज सविस्तर सांगा.