सानापूरचे धोंडे, खालची भातखाचरं आणि आपण

कातळवेडा:
हंपीजवळ सानापूर-आनेगुंदीला बोल्डरिंगसाठी, म्हणजे दोराशिवाय धोंडे चढायला, जाणारे पुण्या-मुंबईचे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा. तिथले कितीतरी धोंडे खाजगी भातखाचरांना लागून आहेत. आपला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण गार हवेत ग्रॅनाइटवर पकड चांगली बसते. नेमकं त्याच सुमारास पहिलं भात निघून कालव्याच्या पाण्यावर दुसऱ्याची लावणी सुरू होते. डिसेंबरात जिथे क्रॅश पॅड (पडलो तर लागू नये म्हणून खाली टाकायची जाड गादी) टाकला, तिथे जानेवारीत चिखल. तरीही आपण पॅड पाठीवर घेऊन बांधांवरून जातो. माझं मत: मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये आणि माणशी काही रक्कम द्यावी.

सह्यभटका:
विचारायलाच हवं. पैसे मात्र नकोत. एकाने घेतले की शेजारीही मागणार. आता गावातली पोरंही चढतात, ती कुठून देणार? शिवाय पैसे घेतल्यावर कुणाचा पाय मोडला तर मालकाच्या गळ्यात. तो सरळ कुंपण घालेल.

भोरची माहेरवाशीण:
माहेरी भातशेती आहे, म्हणून बोलते. बांध फुटला की पाणी खालच्या खाचरात जातं, टाकलेलं खत वाहून जातं आणि भावकीत भांडण लागतं. बांध लिंपायला गडी लागतो, त्याची मजुरी कोण देतं? तुम्ही तिकिटावर वाद घालताय, इथे नुकसानभरपाईसुद्धा कुणी देत नाही.

कातळवेडा:
@सह्यभटका, गावच्या पोरांकडून कुणीच घेऊ नये. पण फेब्रुवारी २०२० मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विरुपापूर गड्डीवरची (हंपीसमोरचं तुंगभद्रेतलं बेट) बेकायदा रिसॉर्टं पाडली गेली आणि वर्दळ सानापूरकडे सरकली. ओळखीवर भागायचे दिवस गेले.

दख्खनी:
मी हैदराबादला राहतो. इथे कित्येक सुंदर धोंडे खडीसाठी फुटले. ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ १९९६ पासून झगडतेय, तरी फुटतात. शेतातला धोंडा मालकाला अडचणच वाटते. तो उभा ठेवून चार पैसे मिळाले, तर सुरुंग लावण्याआधी तो विचार करेल.

सह्यभटका:
हा मुद्दा पटला. तरी माणशी नकोच. चढणाऱ्यांनी मिळून शेतामागे वर्षाची एक रक्कम द्यावी, बांधाचं नुकसान वेगळं भरावं, आणि लावणीच्या दिवसांत तिथले धोंडे बंद ठेवावेत.

भोरची माहेरवाशीण:
कधीपासून कधीपर्यंत बंद, ते शेतकऱ्याला ठरवू द्या. कालव्याला पाणी कधी सुटेल यावर त्याचं सगळं वेळापत्रक असतं, तुमच्या सुट्ट्यांवर नाही.